चहाच्या आधी चावी

पाईकराव सिस्टर कुणाचा नमस्कार घेत नसत, मनगट घेत. समोरचा जयभीम म्हणो, रामराम म्हणो, नाहीतर सलाम करो. त्या पुढं होऊन त्याचा हात धरायच्या, तीन बोटं नाडीवर ठेवायच्या आणि मग बोलणं सुरू. "कसा हायेस? हळद कशी हाय यंदा?" तोंड हे विचारायचं आणि बोटं तिकडं आपलं वेगळंच काही विचारत असायची. माणूस म्हणायचा, "बरं हाय सिस्टर." त्या हात सोडत म्हणायच्या, "तू बरा हायेस, नाडी न्हाई. उद्या दवाखान्यात जाऊन ये." कुरुंद्यातली निम्मी माणसं त्यांना लांबून पाहिलं की हात खिशात घालायची.

सगळी नोकरी त्यांनी कुरुंदा आणि आसपासच्या गावांत नर्स म्हणून केली. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा शिकून पुण्याला लागला, आणि रिटायर झाल्यावरही त्या तिथंच राहिल्या. स्टँडच्या मागं, स्लॅबच्या दोन खोल्यांत, एकट्या. मी त्यांचा कुणी नाही. गावाचाही नाही. मी वसमतचा, हळदीच्या अडतीवर वजनकाट्यावर बसणारा माणूस. त्यांच्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षातली माझी आणि त्यांची ओळख, तीही एका घड्याळापायी. पण माणूस किती दिवस भेटला यावर काही नसतं. माझे काही पाहुणे मला जन्मापासून भेटतात आणि उठून गेले की काय बोलले तेही आठवत नाही.

तर घड्याळ. मला मधल्या काळात जुन्या घड्याळांचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे काय, मोबाइलवर पाहायचं. काट्यावर गिऱ्हाईक नसलं की कुणीतरी जुन्या घड्याळाचं झाकण उघडून आतली चाकं दाखवतोय, ते मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो. आणि एक दिवस मनानं घेतलं, की आपणही एक घ्यायचं. सरकारी कारखान्यातलं, रोज चावी द्यायचं, पांढऱ्या तबकडीचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हातात मोबाइल हाय, भितीवर घड्याळ हाय, अडतीवर घड्याळ हाय. अजून कितीदा टाइम बघायचा तुमाला?"

पण घ्यायचं म्हटल्यावर माझी झोप उडाली. मी मुळातच भित्रा. गॅस बंद केला का ते बघायला चौकातून घरी परतणारा. आता तेच मोबाइलवाले सांगायला लागले, की जुन्या घड्याळात फार फसवाफसवी. तबकडी नवी रंगवतात, आतलं मशीन एकाचं आणि झाकण दुसऱ्याचं, वरून चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात. आणि ह्या सगळ्यावर माझी आई! म्हणाली, "घे बापा, पण मेल्या माणसाच्या हातातलं आणू नको." आता जुनं घड्याळ म्हटल्यावर त्याचा पहिला मालक कुठं असणार? मला रात्रंदिवस एकच दिसायचं, की मी घड्याळ घालून काट्यावर बसलोय आणि कुणी तरी येऊन म्हणतंय, अरे, हे तर आमच्या आबांचं.

शेवटी वसमतच्या रशीदभाईंकडं गेलो. ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वो कुरुंदे की सिस्टर हैं ना, उनके पास है एक. खुद का है, जिंदगीभर का. मैंच तेलपानी करता आया. बेचना है बोलते, मगर बेचते नहीं. तीन-चार लोगां को भगाए." मी म्हटलं, "काहून?" रशीदभाई भिंग डोळ्याला लावत म्हणाले, "जाओ, पता चलता."

मालकीण जिवंत, मशीन रशीदभाईंच्या नजरेखालचं. माझ्या दोन भीत्या तिथंच मेल्या. तिसरी कुरुंद्यात वाट बघत बसली होती.

रविवारी काळी-पिवळी जीपनं गेलो. गेटला आतून कुलूप. हाक मारली. सिस्टर आल्या, लहानखुऱ्या, पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले. गजांतूनच हात बाहेर काढून त्यांनी माझं मनगट धरलं. मी काय बोलणार होतो ते विसरलो.

"घाबरून आलायस," त्या म्हणाल्या. "चोर हायेस का गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक. घड्याळाचं."

"हात पिवळे काहून?"

"हळदीच्या अडतीवर हाय मी."

"मग आदी धुऊन ये. घड्याळाला हळद लावायची न्हाई, त्याचं लगीन न्हाई."

बाहेरच्या नळावर साबणानं दोनदा हात धुवायला लावून मग त्यांनी मला आत घेतलं. आत आल्यावर कुलूप पुन्हा लावलं, ओढून बघितलं, दोन पावलं गेल्या, परत येऊन ओढून बघितलं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. माझ्याहून काळजीखोर माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. खिडकीत दोन बॅटऱ्या, एक बिघडली तर दुसरी. पाण्याच्या घागरी नेहमी भरलेल्या. कोपऱ्यात एक पिशवी भरून तयार, त्यात सुती कपडा, साबण, कात्री. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ती पिशवी भरलेलीच. म्हटलं, "आता कशाला?" त्या म्हणाल्या, "बाई अडली तर ती काय माझी पेन्शन बघून अडणार हाय?"

घड्याळ त्यांनी दाखवलं नाही. आधी माझा अंगठा बघितला. खरंच सांगतो, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. नखं बघितली, दाबून बघितलं. मग स्वतःचा हात पुढं केला. उजव्या अंगठ्याचा सांधा लिंबाएवढा सुजलेला, वाकलेला.

"ह्यानं दगा दिला," त्या म्हणाल्या. "आता चावीच पिळता येईना. शेजारच्या पोरीकडून देऊन घेते, तर तिला कधी शाळा, कधी झोप. एक दिवस ती गावाला गेली. मी दातानं चावी फिरवली. म्हणून इकायचं हाय. पैशाची तकलीफ न्हाई मला. ते बंद पडू न्हाई, एवढंच."

"बंद पडलं तर पुन्हा चालू करता येतंय की सिस्टर."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बसल्या जागी सरकलो. "पुढच्या आयतवारी ये," म्हणाल्या, आणि उठून कुलूप काढायला गेल्या.

मी काळी-पिवळीत बसून स्वतःवरच चिडलो. गिऱ्हाईक मी, पैसे माझे, आणि परीक्षा माझीच! जायचंच नाही म्हटलं. आणि पुढच्या रविवारी साबणानं हात घासून, नखं कापून, गेटपाशी हजर.

त्या दिवशी त्यांनी घड्याळ दाखवलं. पांढरी तबकडी कडेनं जराशी पिवळसर झालेली, काळे आकडे, लांब सेकंद काटा. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेलं, तेही पुरुषी. दुकानदार म्हणाला होता, बाई, लेडीज घ्या. तर ह्या म्हणाल्या, मला दागिना नको, नाडी मोजायला मोठा काटा पाहिजे. मी चावी देऊन बघायला लागलो तर हातावर चापट बसली. "पिरगाळू नको. हळू. हां. आडलं की सोडून द्यायचं. एक फेरा बी वर न्हाई."

मग माझी चौकशी सुरू. उठतोस कधी? दारू? तंबाखू? विसरभोळा हायेस का? मी म्हटलं, गॅस बंद केला का बघायला चौकातून परत येतो. त्या पहिल्यांदा हसल्या. "मग तू माझ्यातला हायेस. काळजी करणाराचं लेकरू जगतंय बाबू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग विचारलं, "जन्मलास कुठं?" म्हटलं नांदेडला, मोठ्या दवाखान्यात. त्या जरा हिरमुसल्या. "मग तू माझ्या घड्याळावरचा न्हाईस."

त्यांच्या घड्याळावरची माणसं म्हणजे एक जमातच होती. आजूबाजूच्या वाडीवस्तीतली कितीतरी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली आणि त्यांची वेळ ह्या घड्याळावर बघितली. पत्रिका करायची म्हणून लोक वेळ विचारायला यायचे. सिस्टर बौद्ध, त्यांचा पत्रिकेवर कवडीचा विश्वास नव्हता, पण वेळ मात्र मिनिटाला बराबर सांगायच्या. एकदा एका मोठ्या जमीनवाल्याच्या घरी नात झाली. भटजी म्हणाले, मूळ नक्षत्र लागलंय, सासऱ्याला वाईट. आजोबा स्वतः सिस्टरांकडं आले. थोडी वेळ मागं करून सांगा, म्हणजे नक्षत्र बदलतंय. सिस्टर म्हणाल्या, "मालक, घड्याळ माझं हाय, नक्षत्र तुमचं. तुमी तुमचं हलवा." मालक फणफणत गेले. वर्षभर त्या घरातून कुणी बोललं नाही. सांगून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ती पोरगी आता दोन लेकरांची माय हाय. सासरा ठणठणीत. रोज चार भाकरी हाणतोय."

शेजारची कमलबाई तेव्हा दारात येऊन बसली होती. तिनं मला सिस्टरांचं आणखी एक सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी बोअरचा खड्डा खणून तसाच सोडला होता. पाणी लागलं नाही, ठेकेदार निघून गेला. सिस्टरांनी ग्रामपंचायतीत सांगितलं, बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातली खुर्ची घेऊन गेल्या आणि खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन बसल्या. येणारा-जाणारा विचारायचा, काहून बसलात? "लेकरू पडलं तर म्हून." उन्हं डोक्यावर आली, उतरली. जेवणाचा डबा तिथंच. सरपंच येऊन म्हणाले, सिस्टर, घरी चला, उद्या झाकण बसवतो. ह्या म्हणाल्या, मी उद्यापर्यंत बसते. संध्याकाळच्या आत झाकण आलं. "आन् झाकण बसल्यावर बी," कमलबाई म्हणाली, "बाई त्याच्यावर उभ्या राहून उड्या मारून बघून राहिल्या!" सिस्टर आतून ओरडल्या, "मग? झाकण कच्चं असतं म्हंजी?"

मी जायला उठलो तेव्हा त्यांनी माझी नाडी धरली. मी गमतीनं विचारलं, "सिस्टर, सगळ्यांची बघता. स्वतःची कधी बघितली का?" त्या म्हणाल्या, "आपली आपण बघू न्हाई. भ्यालेलं माणूस भ्यालेल्याची नाडी काय सांगणार? खोटी लागती."

तिसऱ्या खेपेला मी सरळच विचारलं. म्हटलं, द्यायचं असेल तर द्या, नाहीतर नाही म्हणा, माझा जीव टांगणीला लागलाय. घरी बायको विचारती, दर रविवारी कुरुंद्याला काय आहे. तेव्हा त्यांनी घड्याळ मांडीवर ठेवलं आणि सांगितलं. आवाज न चढवता, जसा डोस सांगावा तसा.

"मी नवी व्हते. एक बाई सकाळीच कळा घेऊन आली. पहिलटकरीण. मी घड्याळ लावून बसले. किती येळात कळ येती, किती येळ थांबायचं, कधी गाडी बोलवून नांदेडला धाडायचं, समदं टायमावर असतंय. आदल्या दिवशी दोन बाळंतपणं केली व्हती, मी घरला गेलेच नव्हते. चावी द्यायची राहिली. घड्याळ मधीच बंद पडलं आन् मला कळलंच न्हाई. आभाळ भरलेलं, उजेडाचा बी अंदाज येईना. माझा जीव म्हणू लागला, लई उशीर झाला. मी घड्याळात बघितलं; घड्याळ म्हणालं, न्हाई. मला वाटलं मी नवी हाय, भिऊन राहिले, म्हणून मला जास्त वाटून राहिलं. मी घड्याळाचं ऐकलं."

कमलबाईच्या घरातला कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"बाई वाचली. लेकरू न्हाई वाचलं. पोरगा व्हता. कुणी मला काही बोललं न्हाई. कुणाला ठावच नव्हतं. त्या दिवसापासून सकाळी डोळा उघडला की पहिली चावी. तोंड धुवायच्या आदी, चहाच्या आदी. आन् दुसरं, काळजी काय म्हणती ते आदी ऐकायचं, घड्याळ मागून. लोक हसतेत, हसू दे. पण ते पुन्हा बंद पडू न्हाई. मी जिवंत असपर्यंत तरी. आता बोल. घेतोस?"

मला खरं तर पळून जावंसं वाटलं. मी हौसेखातर घड्याळ घ्यायला आलो होतो. मला मिरवायचं होतं, कुणी विचारलं की सांगायचं होतं, जुनं आहे, चावीचं आहे. आणि ही बाई माझ्या हातात हे काय देत होती! एक सकाळ विसरलो तर? ताप आला, गावाला गेलो, हातातून पडलं तर? आणि तोंडातून निघालं, "घेतो."

किंमत त्यांनी सांगितली ती मी इथं लिहीत नाही; बायको वाचेल. फार नव्हती एवढंच. पैसे घेतल्यावर त्यांनी कात्रीच्या टोकानं घड्याळाचा पट्टा सोडवला. काळा, कातडी, घामानं कडक झालेला. नुसतं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"पट्टा, सिस्टर?"

"पट्टा मी ठेवते. माह्या बापाकडं एक बैल व्हता. इकायची येळ आली तेव्हा बापानं बैल दिला, दावं न्हाई दिलं. बाजारातून चालत घरी आला, दावं खांद्यावर टाकून. माय रडली, पण दावं खुंटीला टांगलं. जनावर इकलं तरी दावं घरी ठेवायचं असतंय. दावं गेलं की गोठा मोडला."

हे मलाही ठाऊक होतं. आमच्याकडंही कुणी दावं देत नाही, घेणारानं आपलं आणायचं. पण घड्याळाचं दावं मी पहिल्यांदाच बघितलं. सिस्टरांनी माझा फोन नंबर लिहून घेतला. म्हणाल्या, "आन् पंधरवड्याला आणून दाखवायचं. लेक दिली तर माहेरी येती का न्हाई?"

कुरुंदा ते वसमत हा रस्ता मी कितीदा केला असेल. त्या दिवशीइतका लांब कधी वाटला नाही. बिनपट्ट्याचं घड्याळ रुमालात बांधून वरच्या खिशात, खिशावर हात. गाडी खड्ड्यात आदळली की मी रुमाल कानाला लावायचो. शेजारची म्हातारी म्हणाली, "दात दुखून राहिला का रं लेका?" मी म्हटलं, "व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी अजून अंथरुणात, फोन वाजला. "दिली का?" आवाज सिस्टरांचा. मी "हो, देतो..." म्हणेपर्यंत फोन बंद. पुढच्या दिवशी तेच. "दिली का?" आणि बंद. रोज. मला वाटायचं, बाई किती तुसडी, उत्तर तरी ऐकून घ्यावं! बायको आधी कावली. "ही कोण बाई सकाळच्या पारी माझ्या नवऱ्याला दिली का, दिली का करती?" मग तिला सगळं सांगितलं. त्यानंतर चहा ठेवायच्या आधी ती एकदा माझ्याकडं बघायची. मी चावी देताना दिसलो की मगच पातेलं गॅसवर.

पंधरवड्याला मी घड्याळ माहेरी न्यायचो. सिस्टर ते हातात घ्यायच्या, उलटंसुलटं करायच्या, काचेवर माझ्या बोटाचा ठसा दिसला तर पदरानं पुसायच्या. पहिल्या काही वेळा कानाला लावायच्या. पुढं पुढं कानाला लावायचं बंद झालं, नुसत्या हातात धरून बसायच्या. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायच्या, आणि मी समजायचो की म्हातारी आपल्याच नादात आहे.

मग एका सकाळी फोन आला नाही.

मी चावी दिली. थांबलो. बायको पातेलं हातात घेऊन उभी. "फोन न्हाई आला?" म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "झोपल्या असतील." आणि आम्ही दोघंही फोनकडं बघत बसलो. मी लावून बघितला, कुणी उचलेना. अडतीवर जायची वेळ झाली. घड्याळ म्हणत होतं, अजून वेळ आहे, दुपारी बघू. माझा जीव म्हणत होता, उठ. मला त्यांचंच बोलणं आठवलं. मी अडतीला दांडी मारली आणि काळी-पिवळी धरली. मागून बायको म्हणाली, "घड्याळ घ्या संगं."

गेट उघडं होतं. ते गेट मी कधी बिनकुलपाचं बघितलं नव्हतं. दारात एक मोठी गाडी उभी, पुण्याचा नंबर. अंगणात सिस्टर खुर्चीत बसलेल्या, कपाळाला पट्टी. जिवंत! मी तिथंच पायरीवर बसलो. मुलगा बॅगा बाहेर आणत होता. त्यानं सांगितलं, काल आई चक्कर येऊन अंगणात पडली, कमलबाईंनी कळवलं, रातोरात आलो. आता एकटीला ठेवत नाही. "आणि काका, तिला ऐकू येणं जवळजवळ बंदच झालंय. फोनवरचं तर आधीपासूनच ऐकू येत नव्हतं, आता समोरचंही. आम्हाला सांगितलंच नाही. फोनवर आपलंच बोलून ठेवून द्यायची."

म्हणजे माझं उत्तर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. रोज सकाळी विचारायच्या, आणि काही ऐकू न येता फोन ठेवायच्या, आणि दिवसभर तसंच काळजीत.

सिस्टरांनी मला बघितलं. हात पुढं केला. मी घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. मग तबकडी डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. डोळ्यांतही मोतीबिंदू, सेकंद काटा त्यांना दिसेना. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

"बंद पडलं," त्या म्हणाल्या.

"चालू हाय सिस्टर!" मी ओरडलो. "आजच दिली. चहाच्या आदी!"

"आई, चालू आहे," मुलगा कानाशी वाकून म्हणाला. "तुला ऐकू येत नाही."

त्यांनी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. आम्ही काय, चांगलंच सांगणार. मरणाऱ्या बाईच्या नातेवाइकांना त्यांनी स्वतः कितीदा तसं सांगितलं असेल. त्या घड्याळाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या अशाच गाडीत बसणार, बंद पडलं असं मनात घेऊन पुण्याला जाणार, आणि मी रोज चावी देऊन काय उपयोग. मला रडूच आलं.

तेवढ्यात त्यांनी घड्याळ तोंडात घातलं.

"आई, काय करतेस!" मुलगा धावला. त्यांनी तळहात वर करून त्याला थांबवलं. घड्याळ पुढच्या दातांत धरलेलं, डोळे मिटलेले. आणि दुसऱ्या हातानं चाचपून त्यांनी माझं मनगट धरलं, तीन बोटं नाडीवर ठेवली. कमलबाई भांडी घासायची थांबली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. कान गेले होते, पण दातांतून हाडात, हाडातून डोक्यात ती टिकटिक जात असणार. त्यांचं कपाळ हळूहळू सैल झालं.

घड्याळ तोंडातून काढून त्यांनी पदराला पुसलं. माझं मनगट सोडलं नाही.

"दोनी चालू हायेत," त्या म्हणाल्या. "तुझी जरा जास्तच पळून राहिली. काहून भ्यालास रे एवढा?"

बोलून ऐकू कुठं जाणार होतं. त्यांनी खुर्चीपाशी ठेवलेली ती नेहमीची तयार पिशवी मांडीवर घेतली, सुती कपड्याच्या घडीतून काळा पट्टा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी मान हलवली, नको नको म्हणून हातानं खूण केली, खुंटीची खूण केली. त्यांना समजलं.

"आता ह्या गोठ्यात काय यायचंय?" त्या म्हणाल्या. "तुह्या घरी टांग."

मग मुलानं धरून त्यांना उठवलं. गाडीपर्यंत जाताना त्यांनी वळून घराच्या कुलपाकडं बघितलं. मी जाऊन ते ओढून दाखवलं. त्यांनी अजून एकदा अशी खूण केली. मी अजून एकदा ओढलं. मग त्या बसल्या.

पुढं पुण्याला त्या सहा-सात महिने होत्या. मुलाचा एकदा फोन आला आणि त्यानं आई गेल्याचं सांगितलं. पण मला ते खरं वाटत नाही, कारण मी बघितलेलं शेवटचं ते नाही. पट्टा आमच्या घरी खुंटीला आहे; भोकं त्यांच्या बारीक मनगटाची, मला तो पुरतही नाही. घड्याळ चालू आहे.

मी बघितलेलं शेवटचं असं, की गाडी स्टँडच्या दिशेनं वळायला लागली, काच खाली होती, आणि सिस्टर बाहेर बघत नव्हत्या. मान खाली घालून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर उताणा टाकलेला, आणि उजव्या हाताची तीन बोटं स्वतःच्याच नाडीवर.